प्रत्येक कवितेत "हे म्हणजे कोण?" शोधलंच पाहिजे का?

ओळीवेडी
मला जाम खटकतं हे. कविता समोर आली की लोकांचा पहिला प्रश्न, यातलं झाड म्हणजे कोण. बालकवींची औदुंबर घ्या, आठच ओळी, झरा, टेकडीकडचं छोटं गाव, शेतमळे, पायवाट, डोह आणि शेवटी पाण्यात पाय टाकून बसलेला औदुंबर. मग तो औदुंबर म्हणजे योगी, कुणी म्हणतं मृत्यू, कुणी म्हणतं कवीची उदासी. अरे आधी झाड दिसू तर द्या डोळ्यांना! परीक्षेतही यातलं एकच उत्तर बरोबर धरतात. आणि उत्तर मिळालं की माणूस कविता परत वाचतच नाही, हे खरं नुकसान आहे.

जुना_वाचक
अजिबात पटलं नाही. एकनाथांचं विंचू चावला भारूड तुमच्या पद्धतीने ऐकलं तर काय उरेल, एक बाई ओरडतेय एवढंच ना. तिथे तर विंचू म्हणजे कामक्रोध हे नाथ स्वतःच सांगतात, आणि उतारा म्हणून सत्त्वगुणाचा अंगारा लावायला सांगतात. ऑरवेलची ॲनिमल फार्म (1945) ही कादंबरी वाचताना नेपोलियन नावाचं डुक्कर म्हणजे सोव्हिएत हुकूमशहा स्टालिन आणि स्नोबॉल म्हणजे त्याचा प्रतिस्पर्धी ट्रॉट्स्की हे माहीत नसेल तर गोष्ट समजते पण तिचा राग समजत नाही. संदर्भ नको म्हणणं म्हणजे अर्धं पुस्तक न वाचणं.

ओळीवेडी
संदर्भ नको असं कुठे म्हटलं मी? भारूड ही रूपककथा आहे, म्हणजे त्यातल्या प्रत्येक गोष्टीमागे एक ठरलेला अर्थ असतो, आणि कवीनेच किल्ली हातात दिलीये, तिथे उलगडा करायलाच हवा. विंचू, त्याची वेदना, त्यावरचा उतारा, सगळं शेवटपर्यंत जुळतं. आता औदुंबरला हेच लावून बघा. झाड योगी असेल तर शेतमळा कोण, पायवाट कोण, गाव कोण? प्रत्येकाला काहीतरी ओढूनताणून चिकटवावं लागतं आणि ते आपण चिकटवतो, कवी नाही. इंग्रज लेखक टोल्किननेही आपल्या द लॉर्ड ऑफ द रिंग्ज या कादंबरीच्या प्रस्तावनेत हाच फरक केलाय, रूपककथेत लेखकाची सत्ता चालते, आणि गोष्ट आपल्या अनुभवाला लावून बघणं हे वाचकाचं स्वातंत्र्य.

मधलीवाट
पण स्वातंत्र्य म्हणजे मनाला येईल ते नाही ना. औदुंबरमधले रंग बघा, निळासावळा झरा, हिरवी शेतं, पांढरी पायवाट, आणि ती पायवाट जाते कुठे तर काळ्या डोहाकडे, आणि तिथली काळिमा सुद्धा "गोड". हे वाचूनही कुणी नुसतं निसर्गवर्णन म्हणत असेल तर त्याने नीट वाचलेलंच नाही असं मी म्हणेन. झाड म्हणजे अमुक असं नाव नका देऊ, पण ओळी आपल्याला कुठे नेतायत ते तरी बोला.

जुना_वाचक
हेच तर सांगतोय केव्हाचा. आणि परीक्षेत एकच उत्तर बरोबर धरतात म्हणून चिडायचं तर त्या परीक्षेवर चिडा, अर्थ शोधण्यावर नको. मर्ढेकरांची "पिपात मेले ओल्या उंदीर" घ्या, त्यात किल्ली दिलेली नाही, कुणाचं नाव नाही. तरी "ओठांवरती ओठ मिळाले, माना पडल्या, आसक्तीविण" या ओळीशी आलात की हे फक्त उंदरांबद्दल आहे असं म्हणूच शकत नाही तुम्ही. आसक्ती असणं नसणं हे उंदराचं दुःख नाहीये. इथे "उंदीर म्हणजे कोण" हा प्रश्न कवितेनेच विचारायला लावलाय, मी बाहेरून आणलेला नाही.