वापर कमी म्हणून कॅम्पसाइट बंद करणं योग्य आहे का?

रानवारा (लीड्स)

ज्या कॅम्पिंग क्लबचे आम्ही सदस्य आहोत त्याचं पत्र परवा आलं. पुढच्या हंगामापासून काही साइट कायमच्या बंद. कारण एका ओळीत: वापर कमी. यादी पाहिली तर डोंगराकडच्या, आडबाजूच्या, समुद्रकिनारा किंवा मोठं गाव जवळ नसलेल्या जागाच जास्त आहेत. इंग्लंडात राहून तंबू घेऊन फिरणारे बरेच मराठी लोक इथे वाचतात, म्हणून धागा काढतोय.

माझं मत आधीच सांगतो. हा निर्णय चुकीचा आहे, कारण 'वर्षाला किती रात्री भरल्या' हे मोजमापच चुकीचं आहे.

क्लब म्हणजे हॉटेलांची साखळी नव्हे. १९०१ मध्ये थॉमस हायरम होल्डिंग या शिंप्याने सायकलवरून तंबू नेणाऱ्यांची संघटना काढली, तेव्हा इंग्लंडातल्या वाँटेज गावच्या पहिल्या मुक्कामाला सहा माणसं होती. भरलेल्या रात्री मोजून ही चळवळ उभी राहिलेली नाही. एकट्यादुकट्याला जागा मिळत नाही, ती सगळ्यांनी मिळून मिळवायची, यासाठी लोक वर्गणी भरू लागले.

ती गरज आजही संपलेली नाही. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या जमीन सुधारणा कायद्यामुळे बऱ्याचशा मोकळ्या जमिनीवर तंबू ठोकता येतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये तसा सरसकट हक्क नाही. डेव्हनमधलं डार्टमूरचं माळरान हा अपवाद, आणि तिथेही जमीनमालक कोर्टात गेल्यावर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल येईपर्यंत हक्क टांगणीला होता. म्हणजे एखाद्या खोऱ्यातली एकमेव साइट गेली, की तिथे तंबूत रात्र काढायची कायदेशीर सोयच गेली.

दुसरं, वापर कमी 'आहे' की 'केला गेला' हेही बघा. आमच्याकडून जाणारी सेटल–कार्लाइल रेल्वे १९८० च्या दशकात अशीच बंद होणार होती. प्रवासी नाहीत म्हणायचे, पण दिवसाला येऊनजाऊन दोन-दोन गाड्या ठेवल्यावर प्रवासी येणार कुठून? लोकांनी लढा दिला, १९८६ मध्ये मधली आठ स्थानकं पुन्हा उघडली, प्रवासी वाढले आणि एप्रिल १९८९ मध्ये बंद करण्याचा प्रस्ताव सरकारने फेटाळला. आज ती गाडी बघायला जगभरातून लोक येतात. यादीतल्या साइटचंही तसंच आहे. हंगाम आखूड केला, दुरुस्ती थांबवली, मासिकात फोटो छापणं बंद केलं, आणि आता म्हणतात कुणी येत नाही.

हिशेबनीस (रेडिंग)

पूर्ण असहमत, आणि कारणं देतो.

रिकाम्या साइटचा खर्च शून्य नसतो. पाच तंबू आले काय आणि पन्नास आले काय, वॉर्डन (साइट सांभाळणारा माणूस) लागतो, स्वच्छतागृह गरम ठेवावं लागतं, पाण्याची लिजिओनेला जंतूंसाठी तपासणी, वीजजोडण्यांची तपासणी, झाडांची पाहणी, केमिकल टॉयलेट रिकामं करायची जागा, हे सगळं चालूच. एप्रिल २०२५ मध्ये किमान वेतन तासाला १२.२१ पौंड झालं. त्याच महिन्यात नोकराच्या पगारावर मालकाने सरकारला भरायचा नॅशनल इन्शुरन्स १३.८ वरून १५ टक्के झाला आणि तो लागू होण्याची मर्यादा वर्षाला ९,१०० पौंडांवरून ५,००० वर आली. हंगामी, अर्धवेळ माणसं ठेवणाऱ्याला हा दुसरा बदल जास्त झोंबतो. हा पैसा येतो कुठून? भरलेल्या साइटवरच्या सदस्यांच्या खिशातून. कॉर्नवॉलच्या समुद्रकिनारी शाळेच्या सुट्टीत दोन मुलं घेऊन जाणारं कुटुंब रात्रीला जास्त पैसे मोजतं, कारण दुसरीकडे एक हिरवळ रिकामी पडलेली आहे. हा न्याय मला पटत नाही.

२०२० आणि २०२१ मध्ये परदेशी जाता येत नव्हतं तेव्हा सगळे तंबू घेऊन बाहेर पडले. त्या दोन वर्षांच्या गर्दीवर नियोजन करता येत नाही. शिवाय जुलै २०२३ पासून इंग्लंडात शेतकऱ्याला नियोजन परवानगीशिवाय वर्षात ६० दिवस, ५० जागांपर्यंत कॅम्पिंग चालवता येतं. स्थानिक कौन्सिलला कळवलं की झालं. म्हणजे उन्हाळ्यात त्याच खोऱ्यात शेजारच्या कुरणात पर्याय उभा राहतोय, तोही कमी पैशांत. मग 'कायदेशीर सोयच गेली' हे कसं?

सेटल–कार्लाइलला सरकारी तिजोरी होती. क्लबला फक्त आपण आहोत.

आणि कटू वाटेल पण विचारतो: पत्र आल्यावर हळहळणाऱ्यांपैकी किती जणांनी गेल्या हंगामात त्या साइटवर बुकिंग केलं होतं?

तंबूतली आई (लेस्टर)

आम्ही केलं होतं, दादा. म्हणून बोलते.

मोठ्या साइटवर आता खडी टाकलेल्या पक्क्या जागा वाढल्यात, कारण मोटरहोम आणि कॅरव्हान (चाकांवरची घरं) घेऊन येणाऱ्यांना वीजजोडणीसकट तीच हवी असते. खडीत तंबूची खुंटी जात नाही. तंबूला गवत लागतं, आणि ते उरलंय या 'कमी वापराच्या' साइटवर. तुमच्या ताळेबंदात तंबू आणि मोटरहोम एकाच रकान्यात धरले असतील तर हे दिसणारच नाही.

आणखी एक. मोठ्या साइटवर आम्ही बिचकून राहतो. सकाळी पोह्यांना फोडणी दिली की आजूबाजूला वास जातो, मुलं मोठ्याने मराठीत भांडतात, आजी सात वाजता स्तोत्र म्हणते. कुणी काही बोलत नाही, तरी आपणच आवाज खाली घेतो. लहान साइटवर तसं होत नाही. वाऱ्यात दोरी कोणत्या बाजूला आधी ताणायची, ओल्या जमिनीत खुंटी किती तिरकी ठोकायची, हे आम्हाला तिथल्या वॉर्डन जोडप्याने शेजारी बसून शिकवलं. भरगच्च साइटवर त्यांना तेवढा वेळच नसतो. नवीन माणूस क्लबमध्ये टिकतो तो अशा ठिकाणी. नंतर तो कॉर्नवॉललाही जातो आणि तिथले पैसे भरतो. ते पैसे कॉर्नवॉलच्या खात्यात दिसतात एवढंच.

डेल्सकर

+१ तंबूतली आई. शेवटचा मुद्दा क्लबला जसाच्या तसा पाठवा.

वाटाड्या (केंडल)

मी इथल्या युथ हॉस्टेल संघटनेचा (वायएचए, फिरणाऱ्यांसाठी स्वस्त मुक्कामाच्या जागा चालवणारी) जुना सदस्य आहे, म्हणून तिकडचा अनुभव सांगतो. २०२३ मध्ये वायएचएने इंग्लंड-वेल्समधल्या सुमारे १५० पैकी २० हॉस्टेलं विक्रीला काढली. महामारीचा फटका आणि वाढलेले खर्च, कारणं तीच. माझ्या जिल्ह्यातलं पॅटरडेल आणि एस्कडेल त्या यादीत होतं. खूप राग आला होता, अजूनही आहे.

पण याआधीच्या विक्रीतून जे झालं तेही बघायला हवं. एल्टरवॉटर आणि डरवेंटवॉटर ही दोन्ही हॉस्टेलं संघटनेने सोडली, आणि आज दोन्ही स्वतंत्रपणे चालतात. तिथे पाठपिशवी टाकून आजही झोपता येतं. डरवेंटवॉटरच्या आवारात तर धबधबासुद्धा तसाच आहे. काही हॉस्टेलांची मात्र खाजगी घरं झाली, तिथे आता फाटकाबाहेरून बघायचं.

त्यामुळे माझा प्रश्न रानवाराला वेगळा आहे. साइट क्लबनेच चालवली पाहिजे हा तुमचा आग्रह आहे, की तिथे तंबू लागला पाहिजे हा? माझा आग्रह दुसरा आहे. विकताना कुणाला विकता यावर भांडायला हवं. जास्त बोली लावणाऱ्याला विकलं तर जागा गेली. चालवू इच्छिणाऱ्याला थोड्या कमी किमतीत दिली तर राहिली. नियोजन परवानगी जमिनीबरोबर जाते, नव्या चालकाला फक्त साइटचा परवाना घ्यावा लागतो. अडचण पैशाची आणि इच्छेची आहे, कायद्याची नाही.

हिशेबनीस (रेडिंग)

वाटाड्यांशी बऱ्यापैकी सहमत. फक्त एक लक्षात घ्या, कित्येक साइटची जमीन क्लबची नसते, भाडेकराराची असते. करार संपला की जमीन मालकाकडे परत. तिथे विकण्यासारखं काही उरत नाही.

सिंहगडकर (पुणे)

इथून वाचताना एक गोष्ट जाणवते. तुमचा सगळा वाद पक्क्या साइटवर अडलाय. यूथ हॉस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडियाच्या हिमाचलमधल्या सर पास ट्रेकला महाराष्ट्रातून किती पोरं जातात ते तुम्हाला ठाऊक असेलच. कसोलला बेस कॅम्प, वर एकेका मुक्कामाला तंबू, रोज एक तुकडी पुढे सरकते, वरच्या कॅम्पवर कॅम्प लीडर स्वयंसेवक. हंगाम संपला की तंबू उतरवतात. बारमाही स्वच्छतागृह नाही, वॉर्डनचा बारमाही पगार नाही. वापर हंगामी असेल तर साइटही हंगामी ठेवा. कमी वापराच्या जागी पक्की बांधकामं उभी केली हीच मूळ चूक.

रानवारा (लीड्स)

सगळ्यांना एकत्र उत्तर देतो.

सिंहगडकर, तुमची सूचना इथे अगदीच परकी नाही. मान्यताप्राप्त क्लबना सभासदांसाठी थोड्या दिवसांचे हंगामी मुक्काम भरवता येतात आणि स्थानिक गट ते भरवतातही. पण त्याला रिकामं कुरण आणि राजी शेतकरी लागतो. एकदा विकलेली, घरं उठलेली जमीन हंगामापुरती परत मिळत नाही.

हिशेबनीस, ६० दिवसांचा मुद्दा घेतो. ते दिवस शेतकरी जुलै-ऑगस्टमध्येच वापरणार, त्याचं चुकलं असंही नाही. पण मे महिन्यात, सप्टेंबरच्या शेवटी, शाळा चालू असताना डोंगरात जाणाऱ्याने काय करायचं? क्लबची साइट तेव्हाही उघडी असते, आणि तेव्हाच्याच रिकाम्या जागा तुम्ही तोटा म्हणून मोजताय. कॉर्नवॉलच्या कुटुंबाबद्दल तुम्ही बोललात त्याची मला खरंच काळजी वाटते. पण त्या कुटुंबाला ऑगस्टमध्ये महाग पडतं ते मुख्यतः ऑगस्टमध्ये सगळ्यांनाच तिथे जायचं असतं म्हणून. डोंगरातल्या चार साइट बंद केल्यावर कॉर्नवॉलचा दर उतरेल असं क्लबच्या पत्रात कुठेही लिहिलेलं नाही. मी दोनदा वाचलं.

वाटाड्या, तुमच्या प्रश्नाला सरळ उत्तर: तंबू लागला पाहिजे. क्लबचीच पाटी हवी असा हट्ट नाही. पण मग क्लबने आधी स्वतःकडचाच मार्ग वापरावा. १९६० च्या कॅरव्हान साइट कायद्याखाली परवान्यातून सूट मिळालेल्या क्लबला शेतकऱ्याच्या जमिनीवर पाच कॅरव्हानपर्यंतची, फक्त सदस्यांसाठीची छोटी साइट प्रमाणित करता येते. तिथे वॉर्डन नाही, मोठं स्वच्छतागृह नाही, नळ आणि सांडपाण्याची सोय असली की पुरे. भाडेकराराची जमीन परत देताना मालकाला 'एवढी कोपऱ्यातली हिरवळ राहू दे' असं विचारायला काय हरकत आहे? विचारल्याचं पत्रात दिसत नाही. बंद करणं सोपं, म्हणून ते आधी केलं, हा माझा खरा आक्षेप आहे.

आणि आकडे द्या. प्रत्येक साइट वर्षात किती महिने उघडी होती, तंबू किती आणि मोटरहोम किती, पहिल्यांदाच आलेले सदस्य किती, दुरुस्तीवर गेल्या काही वर्षांत काय खर्च केला. हे चार आकडे समोर आल्यावर एखादी साइट बंदच करावी लागेल असं दिसलं, तर मी विरोध करणार नाही.

हिशेबनीस (रेडिंग)

आकडे मागणारा ठराव क्लबपुढे मांडणार असाल तर माझा पाठिंबा, माझं नावही घाला. पाच जागांची कल्पना चांगली आहे, पण शेतकरी ती स्वतःच्या सोयीने चालवणार. नको वाटलं की बंद करणार. त्याची हमी क्लब देऊ शकत नाही आणि तुम्ही ती मागू नका.

मात्र 'आकडे येईपर्यंत स्थगिती' असं ठरावात असेल तर मी विरोधात मत देईन. स्थगिती म्हणजे आणखी एका हंगामाचा पगार, वीज आणि तपासण्या, आणि तो भार पुन्हा त्याच लोकांवर.

तंबूतली आई (लेस्टर)

मग ठराव दोन करा. एक आकड्यांचा, त्यावर दादा आणि आम्ही एकत्र. दुसरा स्थगितीचा, त्यावर मोजणी होऊ दे. पहिल्यांदाच आलेल्या सदस्यांचा आकडा मात्र पहिल्या ठरावात घाला, तो गळू देऊ नका.

रानवारा (लीड्स)

चालेल ताई. दोन्ही मसुदे रविवारपर्यंत इथेच टाकतो. वाटाड्या, विक्री झालीच तर चालवणाऱ्याला प्राधान्य, हे कलम तुम्ही लिहून द्याल का?

वाटाड्या (केंडल)

देतो. भाडेकराराच्या जागांसाठी वेगळं वाक्य लागेल, त्यासाठी हिशेबनीसांनी एकदा नजर घालावी.