मदत हवी आहे: पावसाळ्यात न खचणारा पल्प (कागदी लगद्याचा) ट्रे कसा निवडावा?

रबाळे_पॅकिंग: नमस्कार. टेबलावर ठेवायचं मोजमापाचं उपकरण आहे, वजन १.८ किलो, पुढे काचेचा डिस्प्ले आणि तीन नॉब, मागे सॉकेट. सध्या ईपीई (पॉलिथिलीनच्या) फोमच्या दोन टोप्या आणि ५ प्लायचा (पाच थरांच्या पुठ्ठ्याचा) खोका. ग्राहकाला फोम नको, कागदी लगद्याचा ट्रे हवाय. महिन्याला ६०० नग. दोन नमुने आलेत: एक अंड्याच्या ट्रेसारखा खरबरीत, दुसरा पातळ आणि गुळगुळीत. माल भिवंडीच्या गोदामातून ट्रान्सपोर्टने जातो, जुलैत तिथे सगळंच दमट. कोणता घ्यावा? पास करण्याआधी काय तपासावं?

साचा_लगदा: खरबरीत घ्या. गुळगुळीत ट्रे गरम साच्यात दाबून काढतात. दिसतो देखणा, पण भिंत कडक, त्यामुळे धक्का थेट उपकरणाला लागतो. मोबाइलच्या डब्यात तो शोभतो. खरबरीत ट्रेची भिंत साधारण ३ ते ५ मिमी असते. पण नुसत्या जाडीवर जाऊ नका. धक्का पचवतात त्या पोकळ बरगड्या, त्या चेपतात म्हणून. वर-खाली दोन टोप्या करा. उपकरणाचा भार बॉडीच्या मजबूत कोपऱ्यांवरच येऊ द्या, डिस्प्ले आणि नॉबला ट्रे कुठेही टेकता कामा नये. उपकरण आणि खोक्याची भिंत यांत २५ मिमीच्या आसपास जागा ठेवा. भिंतींना ५ ते ७ अंश उतार द्या. सरळ उभी भिंत साच्यातून सुटताना फाटते आणि ट्रे एकात एक रचलेही जात नाहीत.

वागळे_टेस्टिंग: वरच्याशी सहमत, पण एक गोष्ट फार महत्त्वाची. फोम आपटल्यावर परत फुगतो, पल्प चेपला की चेपलाच. म्हणून प्रत्येक आपटीला नवा ट्रे घालून चाचणी करू नका, खरी परीक्षा दुसऱ्या-तिसऱ्या आपटीला होते. इस्टा १ए या पॅकिंगच्या वाहतूक-चाचणीच्या मानकात १० किलोच्या आतला खोका ७६ सेंमीवरून दहा वेळा पाडतात: एक कोपरा, तीन कडा, सहा बाजू. दहाही एकाच खोक्यावर, आणि त्याआधी कंपनाची चाचणी.

हे सगळं दमट ट्रेवर करा. आर्द्रता ठरवता येणारं चेंबर नसेल तर झाकणाच्या मोठ्या टबात पोटॅशियम क्लोराइडचं संपृक्त द्रावण ठेवा, तळाशी न विरघळलेले खडे दिसले पाहिजेत. खोलीच्या तापमानाला आत सुमारे ८५ टक्के आर्द्रता राहते. वर जाळीवर ट्रे ठेवा, रोज वजन करा, वजन वाढायचं थांबलं की काढून लगेच पाडा. दमट बरगडी तुटत नाही, हळूहळू खाली बसते. उपकरण काही मिलिमीटर खचलं की कोपरा थेट पुठ्ठ्याला टेकतो. बाहेरून खोका धडधाकट दिसतो, म्हणून प्रत्येक आपटीनंतर उघडून कोपरा आणि पुठ्ठा यांतली फट मोजा.

रबाळे_पॅकिंग: फार उपयोगी. तंतू सॉकेटमध्ये जातील का? आणि बुरशी?

साचा_लगदा: तंतू सुटतातच. उपकरण ग्लासिन कागदात (गुळगुळीत, घट्ट विणीचा पातळ कागद) गुंडाळा, सॉकेटला टोपी लावा. बुरशीचं मूळ बहुतेक वेळा ओला आलेला माल. पुरवठादाराला विचारा, गरम हवेच्या ड्रायरमध्ये सुकवता की उन्हात? पावसाळ्यात उन्हावर भिस्त असेल तर ट्रे वाकडे येतात, टोप्या खोक्यात बसत नाहीत. माल आला की ५० ग्रॅमचा तुकडा १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत सुकवा. ४४ ग्रॅम उरले तर ओलावा १२ टक्के. त्याच्या वर असेल तर परत पाठवा. ड्रॉइंगवर एका नगाचं सुकं वजन आणि त्यातली सूट लिहून घ्या, नाहीतर लगदा पातळ झाल्याचं कळत नाही. गठ्ठे पॅलेटवर, भिंतीपासून हातभर दूर.

साचा आधी एका वेळी एकच ट्रे काढणारा करा, आपटी पास झाल्यावरच जास्त ट्रेंचा. आणि साच्याच्या जाळीकडची (जिच्यावर लगदा बसतो ती जाळी) गुळगुळीत बाजू उपकरणाकडे हवी, हे साचा बनण्याआधीच सांगा. नंतर बाजू उलटवता येत नाही.