पाळीच्या कळा: आधी गोळी की आधी सुई?

रानजाई

पाळीत ओटीपोटात कळा येतात म्हटलं की हल्ली दोन सल्ले हमखास मिळतात. एक, पेनकिलरची सवय लागते, ती घेऊ नकोस. दोन, ॲक्युपंक्चर (अंगावरच्या ठरावीक बिंदूंवर सुया टोचणं) नाहीतर ॲक्युप्रेशर (तेच बिंदू बोटाने दाबणं) कर. माझं मत याच्या उलट आहे. ज्या मुलीला दुसरा काही आजार नाही, तिच्यासाठी पहिला उपाय गोळीच. आपल्याकडे ती बहुतेक वेळा चुकीची घेतली जाते आणि दोष मात्र औषधाला लागतो.

पाळीच्या तोंडावर प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन उतरतं आणि गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होतं. त्याने गर्भाशयाचा स्नायू पिळवटतो, त्याचा रक्तपुरवठा आवळला जातो, म्हणून कळ. मळमळ आणि जुलाबही त्याचेच. मेफेनॅमिक ॲसिड, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन ही औषधं प्रोस्टाग्लँडिन बनवणारं एन्झाइम अडवतात, पण आधीच बनलेलं पुसून टाकू शकत नाहीत. सकाळपासून सोसून, दुपारी गडाबडा लोळायची वेळ आल्यावर घेतलेली गोळी लागू पडत नाही ती यामुळे. पहिला डाग दिसताच, किंवा पाळी नियमित असेल तर कंबर भरून यायला लागताच, दोन घास खाऊन घ्यायची.

मात्रेचीही गफलत असते. मोठ्या माणसाला मेफेनॅमिक ॲसिड सुरुवातीला ५०० मिलीग्रॅम आणि मग दर सहा तासांनी २५० लागतं, दोन-तीन दिवस. घरोघरी असणाऱ्या मेफ्टाल स्पासमध्ये ते २५० मिलीग्रॅमच आहे, सोबत पेटके सैल करणारं डायसायक्लोमिन १०. म्हणजे पहिला डोस निम्माच पोटात जातो. डॉक्टरांकडून नुसतं मेफेनॅमिक लिहून घेतलं तर मात्रा नीट बसते आणि डायसायक्लोमिनमुळे येणारी तोंडाची कोरड, गरगर हेही टळतं. रात्री कळांनी जाग येत असेल तर नॅप्रोक्सेन बरं, त्याचा असर बारा तासांच्या आसपास टिकतो.

२०१५च्या कॉक्रेन आढाव्यात (झालेल्या चाचण्या एकत्र करून तपासणारा अभ्यास) ८० चाचण्या आणि ५८२० स्त्रिया होत्या. औषध नसलेल्या खोट्या गोळीने शंभरात सुमारे १८ जणींना बरा आराम पडला, या औषधांनी ४५ ते ५३ जणींना. महिन्यातून दोन-तीन दिवस घेऊन यांचं व्यसन लागत नाही. रक्तस्राव वाढतो हा समजही उलटा आहे, तो थोडा कमीच होतो.

पाऊलवाट

रानजाई, तुमचेच आकडे घेते. ४५ ते ५३ जणींना आराम, म्हणजे उरलेल्या जवळजवळ निम्म्यांना पुरेसा नाही. त्यांनी काय करायचं? शिवाय ज्यांना दमा आहे आणि ॲस्पिरिनने धाप लागते, ज्यांना अल्सर होऊन गेलाय, ज्यांची मूत्रपिंडं कमजोर आहेत, ज्या रक्त पातळ करणारी औषधं घेतात, त्यांना ही औषधं चालतच नाहीत. पावसाळ्यात ताप असेल आणि डेंग्यूची शंका असेल तेव्हाही नाहीत. २०२३च्या अखेरीस भारतीय औषधसंहिता आयोगाने खास मेफेनॅमिक ॲसिडबद्दल सावधगिरीचा इशारा दिला होता. त्यात सांगितलेली ड्रेस नावाची औषधाची तीव्र ॲलर्जी विरळा आहे, पण जिवावर बेतू शकते. औषध सुरू केल्यावर दोन ते आठ आठवड्यांत ताप, अंगभर पुरळ, गाठींना सूज. इतके दिवस मध्ये गेल्यावर पाळीच्या गोळीशी त्याचा संबंध कुणाच्या डोक्यातच येत नाही.

आता ॲक्युप्रेशर. बर्लिनला १८ ते ३४ वयाच्या २२१ जणींवर चाचणी झाली, २०१८ साली प्रसिद्ध झाली. मोबाइलवरच्या ॲपने सांगायचं आणि मुलींनी स्वतःच बिंदू दाबायचे. तीन पाळ्यांनंतर दुखणं निम्म्यावर आलेल्या मुली ३७ टक्के, नुसते नेहमीचे उपाय करणाऱ्यांत २५. सहा पाळ्यांनंतर ५८ आणि २४. फायदा महिन्यागणिक वाढत गेला हे मला महत्त्वाचं वाटतं.

करायचं असं. पायाच्या आतल्या घोट्याच्या हाडाचं टोक शोधा, त्यावर आपलीच चार बोटं आडवी ठेवा. चौथ्या बोटाच्या वर, नडगीच्या हाडाच्या लगेच मागे दाबल्यावर दुखरी जागा लागते. ॲक्युपंक्चरच्या भाषेत हा स्प्लीन-६ बिंदू. दुसरा हाताच्या पाठीवर, अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या मांसल भागात, तर्जनीच्या हाडाच्या मध्याला लागून. तिसरा पावलावर, अंगठा आणि शेजारचं बोट यांची हाडं जिथे मिळतात त्या खळग्यात. प्रत्येक बिंदू दोन्ही बाजूंना एकेक मिनिट. दाब इतका की आत जड, पसरणारी ठणक जाणवावी. नुसतं चोळून काही होत नाही. नडगीच्या हाडावरच अंगठा रोवला तर निळं पडतं, बाकी काही नाही. आणि सुरुवात पाळीच्या पाचेक दिवस आधी, रोज दोनदा. सगळ्यांचं चुकतं ते इथे. दिवस चुकला असेल किंवा गरोदर असल्याची शंका असेल तर हे बिंदू दाबू नयेत अशी परंपरेची शिस्त आहे, ती पाळावी.

खलबत्ता

बर्लिनची चाचणी चांगली होती, पण तिच्यात काय नव्हतं तेही सांगा. तुलनेच्या गटाला खोटे बिंदू दिलेच नव्हते. एका गटाच्या हातात रोज आठवण करणारं ॲप, दुसऱ्याला नेहमीचेच उपाय. आपल्यावर काहीतरी उपचार चाललाय या जाणिवेनेही दुखणं उतरतं आणि दुखणं मोजायचं साधन तर त्या मुलीचा शब्दच. दोन्ही गटांना गोळ्या घ्यायची मुभा होती हेही विसरू नये.

सुयांचीही तीच अडचण. २०१६च्या कॉक्रेन आढाव्यात ॲक्युपंक्चर आणि ॲक्युप्रेशरच्या ४२ चाचण्या होत्या. त्यात सुई गोळीपेक्षा सरस दिसते खरी, पण पुरावा हलक्या प्रतीचा, असं त्यातच म्हटलंय. कारण उघड आहे. सुई टोचली की गोळी दिली, हे बाईपासून लपवणार कसं? खोट्या सुईशी तुलना केली की निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. एका बैठकीच्या पैशांत साधारण वर्षाच्या गोळ्या येतात. असं चिनी खूळ गरीब घरातल्या मुलीच्या माथी मारायचं का?

पाऊलवाट

खोटी सुई खरंच निष्क्रिय असते का, हा वाद तुम्हाला माहीत आहे. खोटी म्हणून वापरतात ती मागे सरकणारी बोथट सुईसुद्धा त्वचेला टोचते, मज्जातंतू चाळवते. खोट्या गोळीइतकी ती निर्गुण नाही. त्यामुळे फरक कमी दिसणारच. तरी हे मान्य, की यातून 'बिंदू अमुकच हवा' असं ठाम सिद्ध होत नाही.

खुळाबद्दल मात्र राग आला. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्या वैद्यकीय पथकातून १९३८ साली चीनला गेले, त्याच पथकातल्या डॉ. बिजॉयकुमार बसूंनी हे तंत्र पुढे चीनमध्ये शिकून कोलकात्याला आणलं. डॉक्टरांनीच आणलेली गोष्ट आहे ही. पैशांचं म्हणाल तर अंगठ्याने दाबायला काय पैसे पडतात? सुया घ्यायच्याच असतील तर राज्याच्या ॲक्युपंक्चर परिषदेकडची नोंदणी विचारा. सुई निर्जंतुक, एकदाच वापरायची, समोर पाकीट फोडलेली हवी. सुमारे पाव मिलीमीटर जाडीची सुई, वीस ते तीस मिनिटं, पाळीच्या आधीच्या आठवड्यात एक-दोन बैठका, अशा तीन पाळ्या. त्यानंतर फरक नसेल तर थांबायचं. जो 'अजून दहा बैठका' म्हणतो त्याच्याकडून उठून या.

निळीशाई

तुम्ही तिघंही टेन्सचं नाव घेत नाही याचं नवल वाटतं. त्वचेवरून सौम्य करंट देणारं हे छोटं यंत्र फिजिओथेरपीत रोज वापरतात. २०२४च्या कॉक्रेन आढाव्यात २० चाचण्या आहेत, आणि खोट्या यंत्रापेक्षा याने दुखणं कमी होत असावं असा कल दिसतो. पाळीसाठी वारंवारिता १०० हर्ट्झच्या आसपास, स्पंदाची रुंदी १०० मायक्रोसेकंद. पॅड ओटीपोटाच्या दोन्ही बाजूंना, किंवा पाठीत बरगड्या संपतात त्या पातळीवर मणक्याच्या दोन बाजूंना, कारण गर्भाशयाच्या वेदनेचे तंतू तिथेच मज्जारज्जूत शिरतात. मुंग्या जोरदार हव्यात पण स्नायू उडता कामा नये. निकामी ठरतं ते बहुधा करंट इतका मंद ठेवल्यामुळे, की पाच मिनिटांनी जाणवतच नाही. सवय झाली की थोडा वाढवायचा. जेल सुकलेले पॅड त्वचा भाजतात. पेसमेकर असेल तर नाही, गरोदरपणाची शंका असेल तरी नाही. आणि हेही खरं की यंत्र काढलं की आराम लवकर ओसरतो.

शेकही कमी लेखू नका. २००१च्या एका चाचणीत बारा तास अंगाला चिकटून राहणारा सुमारे ३९ अंशांचा पट्टा ४०० मिलीग्रॅम आयब्युप्रोफेनच्या तोडीचा ठरला, आणि दोन्ही मिळून आराम लवकर पडला. उकळत्या पाण्याची पिशवी ठेवून पोट भाजून घेण्यापेक्षा कोमट शेक दिवसभर बरा.

रानजाई

शेक आणि टेन्स गोळीच्या जोडीला घ्या, माझी ना नाही. पाऊलवाट, दमा आणि अल्सरवाल्यांचा मुद्दाही मान्य. त्यांना पॅरासिटॅमॉल कमी पडतं, त्यामुळे तिथे तुमच्या अंगठ्याला जागा आहे. पण क्रम मी बदलणार नाही. सोळा वर्षांच्या मुलीची उद्या परीक्षा आहे आणि आज पाळी आली, तर तिला सहा महिन्यांनी गुण येणारा उपाय सांगून काय उपयोग?

वेणीफणी

दोन्ही बाजूंनी एक गोष्ट सुटते आहे. गोळी वेळेवर आणि पूर्ण मात्रेत घेऊन दोन-तीन पाळ्यांत फरक पडला नाही, तर बिंदू शोधत बसण्याआधी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायचं. पाळी सुरू होऊन बरीच वर्षं बिनदुखीची गेली आणि मग दुखायला लागलं, दुखणं पाळी संपल्यावरही राहतं, शौचाला किंवा संबंधांच्या वेळी आत कळ येते, पाळीत लघवीतून किंवा शौचातून रक्त जातं, तर एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) मनात आलाच पाहिजे. प्रजननक्षम वयातल्या साधारण दहात एकीला तो असतो आणि निदान व्हायला वर्षं जातात. सोनोग्राफी साफ आली म्हणून तो नाही असं होत नाही, त्या पेशींचे लहान ठिपके तिच्यात दिसतच नाहीत. सुईने किंवा गोळीने चार महिने बरं वाटलं, तर तेवढ्यानेच तपासणी पुढे ढकलली जाते.

पाऊलवाट

हे पटलं. सुया लावण्याआधी हे पाचही प्रश्न विचारायलाच हवेत, आणि एकाचंही उत्तर 'हो' आलं तर सुई पाकिटातच राहू द्यावी. रानजाईंच्या परीक्षेच्या मुलीला मीही आज गोळीच देईन. पण पुढच्या पाळीच्या पाच दिवस आधीची तारीख तिच्या वहीत लिहून देईन.