ठेकेदाराने कमी केले, पण नोंद 'नोकरी सोडली' अशी : ईएसआयचा बेरोजगारी भत्ता कसा मिळवावा?

कुपवाडची गृहिणी

नमस्कार. माझे पती कुपवाड एमआयडीसीतील एका फाउंड्रीत ठेकेदारामार्फत सात वर्षे फेटलिंगचे (ओतीव भाग घासून साफ करण्याचे) काम करत होते. ऑर्डर कमी झाल्याचे कारण सांगून मे महिन्याच्या अखेरीस ठेकेदाराने त्यांच्यासह नऊ जणांना 'बोलावेपर्यंत येऊ नका' असे तोंडी सांगितले आणि त्यानंतर बोलावणे आलेच नाही. पगार 14,600 रुपये होता आणि दर महिन्याच्या पगारपत्रकावर ईएसआयचे (कर्मचारी राज्य विम्याचे) 110 रुपये कापलेले दिसतात. नोकरी गेलेल्या विमाधारकाला ईएसआयकडून भत्ता मिळतो असे शेजाऱ्यांकडून कळले, म्हणून आम्ही पोर्टलवर खाते उघडण्याचा प्रयत्न केला. परंतु ओटीपी ठेकेदाराच्या कारकुनाच्या मोबाईलवर जातो, कारण नोंदणीच्या वेळी त्याने स्वतःचाच नंबर घातला होता. त्याच्या हातापाया पडून ओटीपी मिळवला, तेव्हा नोकरी संपल्याच्या नोंदीपुढे 'लेफ्ट सर्व्हिस' असे दिसले. माझ्या पतीने राजीनामा दिलेला नाही. ईएसआय कार्यालयाचा फोन चार दिवस वाजत राहिला, कोणी उचलला नाही. आता नेमके कोणाकडे आणि काय घेऊन जावे?

टाईमऑफिस सातारा

ताई, मी साताऱ्याच्या एमआयडीसीत अनेक वर्षे टाईम ऑफिसमध्ये काम केले असून हजेरी आणि ईएसआयचे मासिक विवरण भरण्याचे काम माझ्याकडेच होते. तुम्ही सांगता तो भत्ता म्हणजे अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. ती 1 जुलै 2018 पासून सुरू झाली. सुरुवातीला सरासरी रोजच्या कमाईच्या 25 टक्के रक्कम मिळत असे, ती 2020 मध्ये 50 टक्के करण्यात आली. ही मदत आयुष्यात एकदाच आणि जास्तीत जास्त 90 दिवसांची मिळते. चार अंशदान (विमा हप्ता) कालावधींतील, म्हणजे दोन वर्षांतील, एकूण कमाईला 730 ने भागून रोजची सरासरी काढतात. तुमच्या पतीच्या दोन वर्षांच्या 3,50,400 रुपयांची सरासरी 480 येते, म्हणजे रोजचे 240 आणि 90 दिवसांचे 21,600 रुपये. घरभाडे आणि मुलांच्या फीसाठी ही रक्कम लहान नाही, तेव्हा कंटाळून सोडून देऊ नका.

नोकरी जाण्यापूर्वी किमान दोन वर्षे विमा योग्य (ईएसआय लागू असलेली) नोकरी असावी लागते. नोकरी जाण्याच्या लगेच आधीच्या अंशदान कालावधीत, आणि त्याआधीच्या तीनपैकी कोणत्याही एका कालावधीत, प्रत्येकी किमान 78 दिवसांचे अंशदान भरलेले असावे लागते. हे कालावधी एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे मोजतात. नोकरी मेअखेरीस गेली असल्याने ऑक्टोबर ते मार्चचे दिवस आधी तपासा. ते पोर्टलवरच अंशदानाच्या तपशिलात दिसतात.

खरी अडचण 'लेफ्ट सर्व्हिस' या नोंदीत आहे. मासिक विवरण भरताना कामगार का नाही याचे कारण एका यादीतून निवडावे लागते. त्या यादीत 'लेफ्ट सर्व्हिस', 'रिट्रेंचमेंट' (कामगार कपात), 'नो वर्क' अशी वेगवेगळी कारणे असतात आणि बहुतेक कारकून विचार न करता 'लेफ्ट सर्व्हिस' टाकून मोकळे होतात. त्यामागे नेहमी वाईट हेतू असतोच असे नाही, पण स्वेच्छेने नोकरी सोडणाऱ्याला हा भत्ता मिळत नाही, म्हणून त्या एका नोंदीची किंमत कामगाराला मोजावी लागते. ठेकेदाराकडून कमी केल्याचे साधे पत्र घ्या आणि नोंद दुरुस्त करण्याची लेखी विनंती त्यालाच कार्यालयाकडे करायला सांगा. तो टाळाटाळ करत असेल, तर मुख्य कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला अर्ज द्या, कारण ठेकेदाराकडील कामगारांच्या अंशदानाची पहिली जबाबदारी मुख्य मालकाची असते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

मिरजेचा हेल्पर

मागच्या वर्षी मलाही हे पैसे मिळाले, म्हणून अनुभव सांगतो. फोनवर अवलंबून राहू नका. आपल्या विमा क्रमांकाला जे शाखा कार्यालय जोडलेले आहे, तिथे सकाळी उघडतानाच स्वतः जा. आधार कार्ड, बँक पासबुकाचे पहिले पान, विमा क्रमांकाचा कागद आणि शेवटच्या सहा महिन्यांची पगारपत्रके सोबत ठेवा. सर्वात आधी मोबाईल नंबर बदलण्याचा अर्ज द्या, नाहीतर पुढचा प्रत्येक ओटीपी त्या कारकुनाकडेच मागावा लागेल. माझ्या पासबुकावर 'पांडुरंग' आणि आधारवर 'पांडूरंग' असे होते. तेवढ्यावर अर्ज तीन आठवडे अडकला होता, तेव्हा नावाचे स्पेलिंग घरीच जुळवून पाहा.

नोकरी जाऊन 30 दिवस झाल्यावर दावा करता येतो. दावा कामगाराने स्वतः करायचा असतो, ठेकेदारामार्फत पाठवावा लागत नाही. पैसे थेट खात्यात येतात. मधल्या काळात दुसरी नोकरी लागली, तर ती लागेपर्यंतच्या दिवसांपुरतीच मदत मिळते आणि नवी नोकरी लपवू नये. 1800-11-2526 हा ईएसआयचा मोफत क्रमांक आहे. तिथे तक्रार नोंदवल्यास क्रमांक लिहून घ्या, पुढे शाखेत तो दाखवता येतो.

कुपवाडची गृहिणी

दोघांचेही मनापासून आभार. पोर्टलवर पाहिले, ऑक्टोबर ते मार्चमध्ये 141 दिवस भरलेले आहेत. आज ठेकेदाराने पतीला बोलावून एका छापील कागदावर सही करायला सांगितले, 'सही केली की हिशेब देतो' म्हणाला. तो कागद राजीनामा असल्यासारखा वाटतो. काय करावे?

टाईमऑफिस सातारा

सही करू नये. राहिलेला पगार आणि इतर देणी हा त्यांचा वेगळा हक्क आहे, तो राजीनाम्याच्या बदल्यात मिळायची गोष्ट नाही. त्या कागदाचा फोटो मिळाला तर काढून ठेवा आणि आजच सांगलीच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार द्या. कामावरून तोंडी कमी केले, राजीनामा दिलेला नाही आणि आता राजीनाम्यावर सही मागितली जात आहे, हे तारखांसह लिहा. त्या तक्रारीची पोच ईएसआयच्या दाव्यासोबत जोडा. बाकीचे आठ जण सोबत आले तर नऊ वेगळे अर्ज द्या, एकाच कागदावर सर्वांच्या सह्या घेऊ नका. प्रत्येकाचा विमा क्रमांक वेगळा असल्याने दावाही प्रत्येकाचा वेगळाच तपासला जातो.