देशाचं कसं चाललंय? तुमच्या घरातून काय दिसलं? (अनुभव धागा)

सांजवेळ
काल रात्री घरात कडाक्याचं भांडण झालं. मोठा भाऊ म्हणे देश जोरात चाललाय, धाकटी बहीण म्हणे सगळं बुडीत निघालंय. दोघांच्या हातात फोन, फोनवर आकडे, आणि दोघांचेही आकडे खरे. शेवटी बहीण ताडकन उठून गेली. मी भांडी विसळत होते, मला एकदम बाबा आठवले.

मी आठवीत होते. बाबांचा कारखाना बंद पडला त्याच आठवड्यात पेपरात पहिल्या पानावर विकासदर वाढल्याची बातमी आली. बाबांनी ती मोठ्याने वाचली, पेपरची नीट घडी घातली आणि म्हणाले, "चांगलंय. देशाचं बरं चाललंय." चिडून नाही, अगदी मनापासून. मला त्यांचा भयंकर राग आला होता. आज वाटतं, त्यांना दोन्ही गोष्टी एका वेळी दिसत होत्या, मला एकच.

तुम्हाला कधी देशाचा आकडा आणि घरची परिस्थिती उलटसुलट दिसली का? लिहा. पक्षांची नावं मात्र नकोत, कृपया.

उत्तररात्र
लिहिणार नव्हतो, पण लिहितो. अमेरिकेत होतो, मार्च २००८ मध्ये नोकरी गेली. ग्रीनकार्ड होतं म्हणून राहू तरी शकलो. मित्र म्हणायचे, मंदीबिंदी काही नाही, तूच मुलाखतीत कमी पडतोयस. हळूहळू मलाही तसंच वाटायला लागलं. आईवडिलांना चार महिने काही सांगितलं नाही.

मंदी कधी सुरू झाली हे तिथे एनबीईआर या संस्थेची अर्थतज्ज्ञांची समिती ठरवते, तेही मागाहून. १ डिसेंबर २००८ ला त्यांनी जाहीर केलं की मंदी डिसेंबर २००७ पासूनच सुरू आहे. म्हणजे माझी नोकरी गेली तेव्हा मंदीला तीन महिने झाले होते, फक्त कोणी तिला नाव दिलं नव्हतं. ती बातमी वाचून पार्किंगमध्ये गाडीत बसून रडलो.

पुढे सप्टेंबर २०१० मध्ये त्याच समितीने सांगितलं, मंदी जून २००९ मध्ये संपली. आणि बेरोजगारी १० टक्क्यांवर पोचली ऑक्टोबर २००९ मध्ये! उत्पादन तळ गाठून वर यायला लागलं की मंदी संपली असं धरतात, नोकऱ्या नंतर येतात. आज हे कळतं. तेव्हा कोणी समजावलं असतं तर स्वतःला इतका दोष दिला नसता.

शेवटचा_बाक
दादा, गलबलून आलं. आता बरं आहे ना सगळं?

उत्तररात्र
हो, आता उत्तम. पंधरा महिने लागले. विचारलंत, बरं वाटलं.

गणिततास
दोन तासांच्या मध्ये लिहितेय. निम्मी भांडणं 'महागाई कमी झाली' या शब्दांवरून होतात. वर्गात मी फळ्यावर १०० लिहिते. पहिल्या वर्षी ८ टक्के महागाई, झाले १०८. दुसऱ्या वर्षी २ टक्के, झाले ११०.१६. महागाई ८ वरून २ वर आली हे खरं, आणि काहीच स्वस्त झालं नाही हेही तितकंच खरं. दर उतरला म्हणजे वाढीचा वेग उतरला, भाव उतरले नाहीत. आणि या दोन वर्षांत पगार १०० वरच अडकला असेल तर त्या घराला कसली बातमी देणार?

एकदा हे शिकवल्यावर एक मुलगी हळूच म्हणाली, "म्हणजे आई खोटं बोलत नव्हती." तिच्या घरी यावरून रोज धुसफूस चालायची, हे मला नंतर कळलं.
घंटा झाली, पळते.

सांजवेळ
हे जसंच्या तसं भावाला पाठवलं.

लंगर
तीस वर्षं जहाजावर काढली. आमची अर्थव्यवस्था म्हणजे बाल्टिक ड्राय इंडेक्स. कोळसा, लोहखनिज, धान्य नेणाऱ्या जहाजांच्या भाड्याचा निर्देशांक. मे २००८ मध्ये ११,००० च्या वर होता, डिसेंबरात ६६३. आम्ही सिंगापूरबाहेर नांगर टाकून पडलेलो, चहूकडे रिकामी जहाजं. रात्री दिवे लागले की समुद्रात शहर वसल्यासारखं वाटायचं. बायको फोनवर म्हणाली, इथे तर सगळं नेहमीसारखं आहे. मी तिला सांगितलं, येईल तिथेही, थोडा वेळ लागेल.

पण दुसरी बाजूही सांगतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये तोच निर्देशांक २९० वर गेला, ६६३ च्याही खाली. मी सगळ्यांना छातीठोक सांगत सुटलो की २००८ परत आलं. पुतण्याला चांगली नोकरी घेऊ दिली नाही. तसं काही झालं नाही. तेजीत मागवलेली जहाजं पाण्यात उतरत गेली, जहाजंच फार झाली म्हणून भाडं इतकं पडलं होतं. पुतण्याची नंतर माफी मागितली.

तिसरा_मजला
आमच्याकडे बाबा ठेवीदार, मी कर्जदार. व्याजदर वाढला की बाबांचा चेहरा खुलतो आणि माझे हप्ते वाढतात. एकच बातमी, एकच सोफा. बाकी वाचतोय.

दोन_खोल्या
डब्लिन, जुलै २०१६. बातमी आली की आयर्लंडची अर्थव्यवस्था २०१५ मध्ये २६ टक्के वाढली. आम्ही चौघं एका भाड्याच्या घरात, आणि त्याच महिन्यात घरमालकाने घर सोडायला सांगितलेलं. मला वाटलं, सगळे पुढे गेले, आम्हीच मागे राहिलो. पण ऑफिसातले आयरिश सहकारीही चक्रावले होते. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी पेटंटसारखी मालमत्ता कागदोपत्री त्या देशात आणली, त्याने आकडा फुगला होता. पुढे तिथल्या सांख्यिकी कार्यालयाने असे परिणाम वगळणारं वेगळं माप काढलं. घर नंतर मिळालं, लांब.

उंबरठा
सासूबाई अंथरुणाला खिळल्या, मी नोकरी सोडली. तीन वर्षं त्यांचं सगळं केलं. देशाच्या उत्पन्नात त्याची नोंद शून्य. काम शोधत नव्हते, म्हणून बेरोजगारांतही माझी गणती नाही. शेवटचे चार महिने पगारी परिचारिका ठेवली. तेव्हा तेच अंग पुसणं, तीच कूस बदलणं उत्पन्नात धरलं गेलं.
मुलीने सांगितलं की अर्थतज्ज्ञ सायमन कुझ्नेट्स यांनी १९३४ मध्ये अमेरिकी संसदेला राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशोब दिला, तेव्हाच बजावलं होतं की यावरून देशाचं कल्याण ताडता येत नाही. इतकं जुनं आहे हे. मला कोणी इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं.

शेवटचा_बाक
उंबरठाताई, नमस्कार तुम्हाला. अवांतर आहे, पण झोपून पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून वापरतात त्या हवेच्या गादीचा उपयोग झाला का? आजोबांना लागेलसं दिसतंय.

उंबरठा
झाला. पण गादी असली तरी कूस दर दोन तासांनी बदलाच. रात्रीचा गजर लावून ठेवा. बाकी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

कुंपणावर
सगळेच आपापल्या जागी बरोबर, असं म्हणून सोडून देणं मला पटत नाही. फेडरल रिझर्व्ह या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या सर्वेक्षणात ७३ टक्के लोक म्हणाले, आमचं ठीक चाललंय. देशाची अर्थव्यवस्था चांगली आहे म्हणणारे फक्त १८ टक्के! महागाई होतीच, आणि ती त्या ७३ टक्क्यांनाही सोसावी लागत होती. तरी एवढी दरी घरच्या अनुभवातून येत नाही, ऐकीव गोष्टींतून येते. तिथे २०१६ आणि २०२० च्या निवडणुकांनंतर दोन्ही बाजूंच्या समर्थकांची अर्थव्यवस्थेबद्दलची मतं काही आठवड्यांत उलटली. मी आमच्या मित्रांना एका निवडणुकीच्या निकालाआधी आणि नंतर एकच प्रश्न विचारला होता, देशाचं कसं चाललंय? अकरापैकी सात जणांचं उत्तर फिरलं. कोणाचीही नोकरी किंवा पगार मधल्या काळात बदलला नव्हता. त्यांत माझा सख्खा मित्र होता, फार वाईट वाटलं.

उत्तररात्र
कुंपणावर, पटलं. पण माझ्या मित्रांनाही आपलं मत आकड्यांवरच उभं आहे असं वाटत होतं, हेही लक्षात घ्या.

सांजवेळ
भावाचा आत्ता फोन आला. बाबांनी बातमी वाचली ती रात्र त्याला आठवते, तो त्यांच्या खोलीत झोपायचा. म्हणाला, बाबा पहाटेपर्यंत खिडकीशी बसून होते. हे मला माहीतच नव्हतं. बहिणीलाही फोन करतो म्हणालाय. सगळ्यांचं वाचतेय, एकेकाला उत्तर देते.

शेवटचा_बाक
उंबरठाताई, व्यनि मिळाला. गादी उद्या आणतोय.