मदत हवी आहे: पत्र्याखालच्या माळ्यावर ओल

नमस्कार मंडळी. आमचं घर संगमेश्वर तालुक्यात, जांभ्याचं. माकडांच्या त्रासापायी दोन वर्षांपूर्वी कौलं उतरवून पत्रा घातला. तेव्हापासून पहाटे पत्र्याच्या आतल्या बाजूने थेंब सुटतात. माळ्यावरच्या भाताला वास येतो, आजीच्या लाकडी पेटीवर पांढरी बुरशी चढलीय. पन्हळ, स्क्रू सगळं तपासलं, गळती नाही. कौलांच्या फटींतून हवा खेळायची, ती बंद झाली आणि पत्रा रात्री झटकन गार पडतो, हेच कारण दिसतंय.

वळचणीला जाळी आणि आढ्याला झडप ठेवावी म्हणतो. पण आषाढात बाहेरचीच हवा ओलीचिंब, शिवाय झड आत येणार. मग पावसाळ्यात झडप बंद ठेवायची का? की आधी पत्र्याखाली फॉइलचा थर घालावा? कोकणात कोणी हे केलं असेल तर कृपया सांगा. नवं भात यायच्या आत काम उरकायचंय.