बी विंगचा रॅम्प आणि गियरचा वाद

साठे काकू, बी-२०४: आज सकाळी पुन्हा तेच. रॅम्पवर पुढची गाडी मागे आली आणि माझ्या ॲक्टिव्हाच्या मडगार्डला टेकली. गणपतीआधीही हेच झालं होतं, सगळ्यांना माहीत आहे. या वेळी मी गप्प बसणार नाही.

निखिल, बी-६०१: काकू, मडगार्डचा खर्च माझ्याकडे. पण बॅरियर उघडेना म्हणून चढावर अडकलो. ऑटोमॅटिक आहे, ब्रेक सोडला की मागे येते.

देशमुख, ए-१०१: तुझी एएमटी आहे, म्हणजे ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन. त्यात गियरबॉक्स आणि क्लच मॅन्युअलचाच, फक्त क्लच दाबायचं काम पायाऐवजी ॲक्च्युएटर करतो. क्लच धरेपर्यंत गाडी मागे येणारच. टॉर्क कन्व्हर्टरवाली, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारी ऑटोमॅटिक, ड्राइव्हमध्ये असताना स्वतःच पुढे रेटत असते. मागच्या वेळीही हेच लिहिलं होतं, कोणी वाचलं नाही.

पाटील, बी-५०३: बॅरियर रॅम्पच्या तोंडावरून हलवा. कोणी मध्ये थांबणारच नाही.

कर्वे, सी-३०२: म्हणूनच मी मॅन्युअल घेतली. हाफ क्लचवर जागच्या जागी धरतो.

देशमुख, ए-१०१: आणि क्लचप्लेट जाळता. बेसमेंटमधला तो जळका वास कुठून येतो ते कळलं. हँडब्रेक ओढा, पहिला टाका, क्लच हळू सोडा, बॉनेट जरा उचललं की हँडब्रेक सोडा.

कर्वे, सी-३०२: माझ्या क्लचची काळजी नको. आपल्या गाडीखालचा ऑइलचा डाग आधी पुसून घ्यावा, ही विनंती.

जोशी वहिनी, ए-३०३: वाकडच्या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून माझा डावा गुडघा गेला. २०१४ मध्ये मारुतीने सेलेरिओत एएमटी आणली, म्हणून ऑटोमॅटिक माझ्या बजेटमध्ये आली. तिला नावं ठेवू नका.

देशमुख, ए-१०१: वहिनी, गाडी चांगलीच आहे. चढावर ॲक्सिलरेटरवर तोलून धरू नका एवढंच, क्लच तापतो. ब्रेक दाबूनच थांबा. चढावर ब्रेक आपोआप धरणारा हिल होल्ड असला तरी दोन-तीन सेकंदच धरतो.

पाटील, बी-५०३: बॅरियर रॅम्पच्या तोंडावरून हलवा.

शिंदे, ए-४०४: बोर घाट उतरताना मॅन्युअलच हवी. दुसरा टाकला की इंजिनच गाडी धरतं. ऑटोमॅटिकवाले नुसते ब्रेक तापवतात.

जोशी वहिनी, ए-३०३: एमवर, म्हणजे मॅन्युअल मोडवर घेऊन आम्हीही दुसरा टाकतो. महाबळेश्वरहून तशीच उतरते मी.

शिंदे, ए-४०४: हे माहीत नव्हतं 🙏

कर्वे, सी-३०२: काकू, तुमची ॲक्टिव्हापण ऑटोमॅटिकच बरं का 😄

साठे काकू, बी-२०४: ती कोणाच्या अंगावर जात नाही. आणि मेंटेनन्स वेळेवर भरणाऱ्यांनी विनोद करावेत.

कर्वे, सी-३०२: चेक दिला आहे. सेक्रेटरींना विचारा.

सेक्रेटरी: चेक आज मिळाला. कृपया विषयावर या. बॅरियर हलवायचा तर केबल नव्याने टाकावी लागेल, ते मीटिंगमध्ये ठरवू. तोवर सकाळी साडेसात ते साडेनऊ वॉचमन बॅरियर उघडाच ठेवेल. रॅम्पवर गाडी असेल तर मागच्याने खाली सपाटीवरच थांबावं, दुचाकीनेसुद्धा.

साठे काकू, बी-२०४: म्हणजे चूक माझी?

पाटील, बी-५०३: केबलचं कोटेशन मी आणतो.

निखिल, बी-६०१: काकू, संध्याकाळी सातला ॲक्टिव्हा घेऊन जातो. चावी वॉचमनकडे ठेवाल का?

साठे काकू, बी-२०४: घरी ये. चावी वॉचमनकडे देत नाही मी.